पत्ता छापलेला पैसा

१८६१ सालापर्यंत न्यूयॉर्कचे दुकानदार सेंटला अक्षरशः वैतागले होते. तांबं-निकेलची ती जाडसर, फिकट नाणी गल्ल्यात साचून राहायची. बँका ती घ्यायला कुरकुरायच्या आणि गिऱ्हाईक नेमकी तीच काढून द्यायचं. पुढच्या वर्षाचा उन्हाळा आला, आणि हीच नाणी मिळवायला लोक वरकड पैसे मोजू लागले.

मधल्या काळात अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं होतं. डिसेंबर १८६१ संपता संपता न्यूयॉर्कच्या बँकांनी कागदाच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. फेब्रुवारी १८६२मध्ये सरकारने ‘ग्रीनबॅक’ नोटा काढल्या. त्यांच्या पाठीशी सोनं नव्हतं, नुसता सरकारचा शब्द होता. सोन्याची नाणी आधीच कपाटात गेली होती, आता चांदी निघाली. नोटेचा भाव उतरू लागला तशी अर्ध्या डॉलरच्या नाण्यातली चांदीच कागदी अर्ध्या डॉलरपेक्षा महाग झाली, आणि दलालांनी ती पोत्याने कॅनडाच्या बाजूला रवाना केली. इथवरचं समजण्यासारखं आहे, त्यात हिशेब आहे. पण सेंटचं काय? त्यात काही एका सेंटचा धातू नव्हता. वितळवून चार पैसे सुटतील अशी ती चीजच नव्हती. तरी तोही गेला. शेजाऱ्याने डब्यात भरून ठेवला म्हणून आपणही ठेवला, एवढंच त्याचं कारण.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १८६२मध्ये २ कोटी ८० लाख आणि १८६३मध्ये जवळपास ५ कोटी सेंट पाडले. म्हणजे नाणी नव्हती असं नाही. ती रस्त्यावर नव्हती. ही टंचाई धातूची नव्हती, धास्तीची होती.

मग पाव घ्यायचा कसा? तीन सेंटचा पाव, हातात एक डॉलरची नोट, आणि पाववाल्याकडे द्यायला सुट्टे नाहीत. लोकांनी पोस्टाची तिकिटं काढली. जुलै १८६२मध्ये काँग्रेसने कायदा करून त्यावर शिक्कामोर्तबही केलं. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसत असेल. प्रत्यक्षात जुलैचा उकाडा, मागे गोंद लावलेली तिकिटं आणि घामेजलेले हात. खिशातली बारा तिकिटं संध्याकाळपर्यंत एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा व्हायचा. जॉन गॉल्ट नावाच्या गृहस्थाने त्यावर तोड काढली. पितळेची गोल डबी, वर अभ्रकाची चकती, आत तिकीट आणि पाठीवर जाहिरात. ऑगस्ट १८६२मध्ये त्याला पेटंट मिळालं. आयर कंपनीचं सार्सापरिला नावाचं टॉनिक किंवा पोट साफ करायच्या गोळ्या पाठीवर मिरवणारी ही डबी आज बरीच महाग जाते, त्यामुळे आपण तिच्याकडे काचेतूनच बघायचं. सरकारनेही मग पाच-दहा-पंचवीस-पन्नास सेंटच्या चिमुकल्या नोटा काढल्या. पण एका सेंटची नोट काढायची सरकारची छाती झाली नाही, आणि खरी अडचण तर तिथेच होती.

ती भरून काढली वाण्यांनी, पावभट्टीवाल्यांनी आणि दारूच्या गुत्तेवाल्यांनी. १८६२ संपता संपता सिनसिनाटीत आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये सेंटच्या मापाचे, पण सेंटपेक्षा पातळ असे तांब्या-पितळेचे तुकडे फिरू लागले. त्यावर राजा नाही, राष्ट्राध्यक्ष नाही. दुकानाचं नाव, धंदा आणि पत्ता. दोन वर्षं जेमतेम हा खेळ चालला, आणि तेवढ्यात किमान अडीच कोटी टोकनं निघाली असा अंदाज आहे. दहा हजारांवर वेगवेगळे प्रकार आज नोंदलेले आहेत. यातली सगळ्यात जास्त ओहायोची, आणि ओहायोत सिनसिनाटीची.

मी त्याच ओहायोत राहते. माझ्या संग्रहाला एवढंच निमित्त पुरलं. आल्या आल्या मला हे काही ठाऊक नव्हतं. लहानपणापासून नाण्यांचा नाद होता, पण तो आपल्याकडच्या नाण्यांचा, शिवराई आणि ढब्बू पैशांचा. इथल्या नाण्यांच्या प्रदर्शनात मी गेले ती ब्रिटिश इंडियाचं काही मिळतं का ते बघायला. ही प्रदर्शनं बहुधा महामार्गालगतच्या हॉटेलच्या दिवाणखान्यात भरतात. लांब टेबलं, काळी मखमल, पिवळे दिवे, आणि टेबलामागे सत्तरीतले गोरे आजोबा. साडी नाही, जीन्सच घालून गेले तरी मी तिथे उठून दिसते. एका आजोबांनी पुठ्ठ्याच्या चौकोनात बसवलेला काळपट तांब्याचा तुकडा पुढे सरकवला आणि म्हणाले, “तुमच्या गावचा आहे.” भिंगातून बघितलं. सिनसिनाटीचा किराणा दुकानदार, रस्त्याचं नाव, कोपऱ्याचं नाव. त्या कोपऱ्यावर मी कित्येकदा गाडी लावलेली.

वीस-पंचवीस डॉलरला साधं टोकन मिळतं, म्हणजे दोघांच्या बाहेरच्या जेवणापेक्षा स्वस्त. घरच्यांना पटवायला हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

हातात घेतलं की पहिली जाणीव होते ती हलकेपणाची. व्यास १९ मिलिमीटर, हुबेहूब सेंटएवढा, पण त्या काळचा सेंट ४.६७ ग्रॅमचा आणि हे बरंच पातळ. कडा कधी कधी नीट जुळलेल्या नसतात. ठसा थोडा सरकलेला असतो, त्यामुळे एका बाजूची अक्षरं अर्धी बाहेर गेलेली. उलट्या बाजूला पुष्कळदा सरकारी सेंटवरच्यासारखंच पिसांचा मुकुट घातलेलं डोकं किंवा पानांची माळ, आणि माळेच्या आत ठसठशीत ‘वन सेंट’. इथे भिंग जरा जवळ न्यायचं. ‘वन’च्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक शब्द असतो, ‘नॉट’. नॉट वन सेंट. खोटं नाणं पाडल्याचा आरोप येऊ नये म्हणून केलेली ही पळवाट. घाईत बघणाऱ्याने सेंट समजून घ्यावं आणि कोर्टात विचारलं तर लिहिलेलंच आहे की! काहींनी त्याहून सरळ मार्ग धरला आणि ‘आय ओ यू वन सेंट’ छापलं, तुमचा एक सेंट देणं लागतो. मला दोन्ही आवडतात, पण पहिल्यातला बनेलपणा जास्त.

ही टोकनं पाडणारे कारागीर वेगळे. न्यूयॉर्कमध्ये एमिल सीगल, सिनसिनाटीत जॉन स्टँटन आणि विल्यम लॅनफिअर. मूळ धंदा शिक्के आणि ठसे कोरण्याचा. लॅनफिअरने स्वतःच्या जाहिरातीचीही टोकनं काढली. त्यांची पद्धत आपल्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यासारखी होती. गणपती तयार, वेलबुट्टी तयार, नमुन्यांची वही पुढे टाकायची, आणि फक्त नावं तेवढी नवीन जुळवायची. वाण्याने डोकं, गरुड, झेंडा, पानांची माळ यातली एक मागची बाजू निवडायची, पुढच्या बाजूला त्याचं नाव-पत्ता कोरून मिळायचा. शंभर टोकनांना शंभर सेंटपेक्षा बराच कमी खर्च यायचा, म्हणजे वाण्याला सुट्टे मिळाले, जाहिरात मिळाली आणि वर चार पैसे सुटलेही. एकच मागचा ठसा पन्नास दुकानांच्या टोकनांवर सापडतो तो यामुळे. कुठला ठसा केव्हा तडकला, तो तडा कोणाच्या टोकनावर दिसतो आणि कोणाच्या नाही, यावरून कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे लावत बसणारे लोक आहेत. मी त्यांच्यातली नाही, पण त्यांचं बोलणं ऐकायला बसते.

माझं लक्ष पुढच्या बाजूकडे. नाव आणि पत्ता. एकशे एकतीस, एक्केचाळिसावा रस्ता, न्यूयॉर्क, ब्रोअस, ‘पाय’ म्हणजे सारण भरलेल्या पेस्ट्र्या भाजणारे. ऑल्बनीच्या ब्रॉडवेवरचे बेंजामिन आणि हेरिक, फळवाले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या फेलिक्सच्या खानावळीच्या टोकनावर ‘कोशर’, म्हणजे ज्यू धर्मनियमांना चालणारं जेवण, हा शब्द हिब्रू लिपीत आहे. १८६३ साली, भर युद्धात, एका खानावळवाल्याने आपल्या गिऱ्हाइकांना त्यांच्या अक्षरांत सांगितलं की इथे जेवायला हरकत नाही. अमेरिकेच्या कुठल्याही सरकारी नाण्याने तोवर एवढ्या आपुलकीने कोणाला हाक मारली नव्हती.

आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा ऑलिव्हर बूटवेल. धंद्याने गिरणीवाला. त्याच्या टोकनावर १८६३ साल आहे आणि वाक्य आहे, ‘माझ्या कचेरीत परत घेतले जाईल.’ मला विचाराल तर या सगळ्या पसाऱ्याचा अर्थ त्या वाक्यात आहे. सरकारी नाणं आपण घेतो ते पुढचाही घेईल म्हणून. कोणी नाहीच घेतलं तर ते घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न सहसा पडत नाही. टोकनावर मात्र त्याचं उत्तर छापलेलं असायचं. अमुक रस्ता, तमुक नंबर, गिरणीच्या मागे कचेरी. जा आणि माग. त्यामुळे त्याची पत चालत जाण्याच्या अंतराएवढीच होती. ट्रॉयचं टोकन ट्रॉयमध्ये चालणार, सिनसिनाटीचं सिनसिनाटीत. आपल्याकडे पूर्वी गावच्या सावकाराची चिठ्ठी पंचक्रोशीत चालायची तेवढीच त्याची मजल.

अर्थात पत्ता छापला म्हणजे दार उघडेलच असं नाही. याचा दाखला म्हणून ज्याचं नाव कायम निघतं तो गुस्ताव्हस लिंडेनम्युलर, न्यूयॉर्कचा बिअरवाला. माणूस एकूण उचापती. रविवारी नाटकं करायला बंदी घालणाऱ्या कायद्याशी तो भांडला आणि १८६१मध्ये कोर्टात हरला. तो खटला वकील मंडळी अजून उद्धृत करतात. १८६३मध्ये त्याने स्वतःच्या नावाची टोकनं काढली, त्यावर दाढीवाला चेहरा. थोडीथोडकी नाहीत, दहा लाखांहून जास्त. बिअरवाल्याच्या दुकानातून ती निघाली आणि थर्ड ॲव्हेन्यूच्या घोड्यांच्या ट्राममध्ये पोचली, कारण भाडं द्यायला लोकांकडे तेच होतं. कंडक्टरही बिचारा घेत राहिला. ट्राम कंपनीकडे त्यांचा ढीग साचला तेव्हा त्यांनी निवडून, मोजून, लिंडेनम्युलरला सांगून पाठवलं की बाबा रे, हे घे आणि आमचे पैसे दे. त्याने साफ नकार दिला, वर हसला म्हणतात. कंपनीला काही करता येईना, कारण हा प्रकारच कायद्याच्या कुठल्या खणात बसत नव्हता.

हा किस्सा सांगून झाला की बहुतेक संग्राहक पुढचं वाक्य टाकतात, ‘म्हणून सरकारने टोकनांवर बंदी घातली.’ मला ते तितकंसं पटत नाही. सरकारं एका ट्राम कंपनीसाठी एवढी हलत नाहीत. त्याकडे येतेच.

त्याआधी दुसऱ्या एका ढिगाबद्दल. या टोकनांतला मोठा वर्ग देशभक्तीपर, त्यावर दुकानाचं नाव नाहीच. झेंडे, तोफा, ‘आर्मी अँड नेव्ही’, ‘युनियन टिकलीच पाहिजे’. यातलं सगळ्यात प्रसिद्ध डिक्सचं. जॉन डिक्स हे युद्धाच्या तोंडावर थोडे दिवस अर्थमंत्री होते. जानेवारी १८६१मध्ये त्यांनी न्यू ऑर्लिन्सला तार केली की अमेरिकेचा झेंडा कोणी उतरवू पाहील तर त्याला जागच्या जागी गोळी घाला. ते वाक्य टोकनावर आलं, आणि कोरणाऱ्याच्या हातून एका ठशात ‘स्पॉट’मध्ये एक ‘ओ’ जास्तीचा पडला. ‘स्पूट’. आता ते स्पूटवालं मिळवायला लोक धडपडतात. माझ्याकडे नाही आणि मला नकोही. ज्यावर पत्ता नाही ते टोकन मला निनावी पत्रासारखं वाटतं. कोणाकडे जाऊन मागायचं?

छावणीतल्या वाण्यांची टोकनं ही आणखी वेगळी गोष्ट. प्रत्येक रेजिमेंटबरोबर एक परवानाधारक वाणी असायचा, त्याला सटलर म्हणत. तंबाखू, पाय, लिहायचा कागद, बटणं. सैनिकांचा पगार दोन महिन्यांनी व्हायचा असं कागदोपत्री होतं आणि त्याहूनही उशिरा व्हायचा. तोवर सटलर उधारीवर टोकनं द्यायचा, पगाराच्या दिवशी वसूल करायचा. ही एका सेंटची नसत, पाच, दहा, पंचवीस, पन्नासची असत, आणि त्यावर रेजिमेंटचा क्रमांक असे. ती फक्त त्याच तंबूत चालायची. तिथला भाव तो म्हणेल तो. दुकानदाराच्या टोकनात गिऱ्हाइकाला निदान दुसऱ्या दुकानाची वाट मोकळी होती. सटलरच्या टोकनात पत्ता होता, पण सुटका नव्हती. ही टोकनं फार दुर्मीळ, फार महाग, आणि हाती आली तरी मला त्यांचा आनंद होईल की नाही कोण जाणे.

हे सगळं वाचताना आपल्याकडचं युद्ध आठवल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात अगदी हीच धास्ती पसरली. रुपयाची चांदी लोकांनी दडवली, १९४०मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हा गुन्हा ठरवला. तरी खुर्दा मिळेना. मग १९४३मध्ये भोकाचा पैसा आला. जुन्या पैशाच्या निम्म्याहून कमी वजनाचा, मध्ये मोठं भोक. मुंबई, कलकत्ता आणि लाहोर पुरेना म्हणून काही थेट दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात पाडून आणला. माझ्या आजीकडे तो दोऱ्यात ओवलेला होता, चाव्यांच्या जुडग्याबरोबर. लोक तो वायसर म्हणून वापरतात, हे तेव्हा घरोघरी ऐकू यायचं. आजीची तक्रार वेगळी होती. तिच्या मते ज्या पैशातून आरपार दिसतं तो पैसाच नव्हे.

मग आपल्या वाण्यांनी टोकनं का पाडली नाहीत? काठेवाडात मोरबी, जुनागढसारख्या संस्थानांनी पुठ्ठ्याची कूपनं काढली. ‘कॅश कूपन’ म्हणून ती आज लिलावात दिसतात आणि दिसायला फार गोड असतात. पण ती दरबारची. ब्रिटिश हिंदुस्थानात दुकानदाराला धातूचा मार्ग केव्हाच बंद झाला होता. १८८९चा मेटल टोकन्स ॲक्ट खासगी माणसाने पैसा म्हणून चालेल असा धातूचा तुकडा पाडायलाच मनाई करत होता. हा कायदा २०११च्या नाणे कायद्यापर्यंत स्वतंत्रपणे जिवंत होता. म्हणून आपल्याकडे दुकानदारांची पत चिठ्ठ्या-चपाट्यांवर चालली, आणि चिठ्ठ्या-चपाट्या काही उरत नाहीत. साताऱ्याच्या पेठेतल्या कुठल्या वाण्याने १९४३मध्ये काय लिहून दिलं, ते आज कोणाच्या अल्बममध्ये नाही. सिनसिनाटीच्या कोपऱ्यावरच्या वाण्याचं मात्र नाव-गाव-रस्ता सगळं माझ्या टेबलावर आहे. याचा मला थोडा हेवा वाटतो.

आपल्या पिढीने सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेटं घेतली तो प्रकारही याच घराण्यातला. फक्त ते चॉकलेट परत त्याच वाण्याला देऊन बघा. घेत नाही तो. लिंडेनम्युलरचीच जात.

संग्रह म्हणून या टोकनांची शिस्त लावली ती जॉर्ज आणि मेल्विन फुल्ड या बाप-लेकांनी. प्रत्येक गावाला आणि दुकानाला त्यांनी क्रमांक दिला. सिनसिनाटी म्हणजे ‘ओएच १६५’, न्यूयॉर्क शहर ‘एनवाय ६३०’. दुर्मिळतेची दहा पायऱ्यांची पट्टी आहे. पहिल्या पायरीवर पाच हजारांहून जास्त नग, दहाव्या पायरीवर जगात एकच. १९६७पासून सिव्हिल वॉर टोकन सोसायटी हे काम बघते आहे. प्रदर्शनात लोक एकमेकांशी नुसत्या आकड्यांत बोलतात, आणि नवख्याला ते सट्टा चालल्यासारखं वाटतं.

यात एक गंमत आहे, म्हटलं तर फसवणूकही. ठसे कोरणाऱ्यांना त्या काळातच कळलं होतं की संग्राहक नावाचा एक गिऱ्हाइकांचा वर्ग आहे. त्यांनी तेच ठसे वापरून चांदीची, पांढऱ्या धातूची, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन बाजू जुळवलेली टोकनं खास त्यांच्यासाठी पाडली. ती कधी पाववाल्याकडे गेली नाहीत, कधी ट्रामच्या भाड्यात पडली नाहीत. आज दुर्मिळतेच्या नवव्या पायरीवर जे झळकतं त्यातलं पुष्कळसं हे असं. दीडशे वर्षांपूर्वीच जन्मतः दुर्मीळ केलेलं. लिलावात त्याला चढी बोली लागते. मला मात्र घासलेलं, चेपलेलं, पहिल्या पायरीवरचं टोकन जवळचं वाटतं. कारण त्याने काम केलेलं आहे. एखाद्या टोकनावर माळेची पानं पार सपाट झालेली असतात आणि रस्त्याचा क्रमांक बोट फिरवलं तरच लागतो. ते किती हातांतून गेलं असेल ते सांगायला प्रमाणपत्र लागत नाही.

तसल्या टोकनाला कृपा करून चिंच लावू नका. तांबं काळं दिसलं की आपले हात शिवशिवतात, देवाची उपकरणी घासल्यासारखं लख्ख करावंसं वाटतं. त्या काळपटपणावरच सगळी किंमत आहे. घासलेलं टोकन विक्रेता दुरूनच ओळखतो आणि हळूच बाजूला सारतो.

आता त्या बंदीकडे. टांकसाळीचे संचालक जेम्स पोलॉक यांनी ही टोकनं नीट बघितली होती. १८६३च्या वार्षिक अहवालात त्यांनी जे मांडलं त्याचा मथितार्थ असा, की सोन्या-चांदीच्या नाण्यात लोक पूर्ण मोल शोधतात, पण खुर्द्याकडून त्यांना फक्त सोय हवी असते. या टोकनांत सेंटच्या किमतीचा किरकोळ हिस्साच तांबं होतं आणि तरीही ती बिनतक्रार चालत होती. मग सरकारने निकेलच्या मागे का लागायचं? निकेल महाग, कठीण, ठसे मोडणारं. पातळ ब्राँझचा सेंट पाडावा. पेनसिल्व्हेनियात निकेलची खाण असलेल्या जोसेफ व्हार्टन यांनी विरोध केला, तो होणारच होता. पण २२ एप्रिल १८६४ला कायदा झाला. ९५ टक्के तांबं, वजन ३.११ ग्रॅम. जुन्या सेंटपेक्षा दीड ग्रॅमने हलका आणि टोकनाच्या वजनाच्या आसपास. याच कायद्याने सेंटला पहिल्यांदा कायदेशीर चलन ठरवलं. तोवर सेंट घेतलाच पाहिजे असं कायदा म्हणतच नव्हता! आणि याच कायद्याने खासगी एक-दोन सेंटची नाणी पाडणं दंडनीय केलं. ८ जूनच्या दुसऱ्या कायद्याने उरलीसुरली सगळीच बंद झाली. तीन हजार डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद.

म्हणजे सरकार वाण्यांकडून शिकलं, त्यांची युक्ती उचलली आणि मग त्यांना हाकललं. लिंडेनम्युलरने दार बंद केलं नसतं तरी हे घडलंच असतं असं मला वाटतं. पातळ ब्राँझच्या नाण्यात किती सुटतं ते एकदा कळल्यावर तो नफा कोण दुसऱ्याच्या गल्ल्यात राहू देईल? लिंडेनम्युलर फक्त सोयीचा खलनायक. जाता जाता एक सांगते. बिअरवाल्याच्या टोकनावर दाढीवाला चेहरा मिरवला ते खपून गेलं, पण स्पेन्सर क्लार्क या सरकारी अधिकाऱ्याने पाच सेंटच्या नोटेवर स्वतःचं चित्र छापलं तेव्हा काँग्रेस इतकी चिडली की १८६६मध्ये हयात माणसाचं चित्र चलनावर नको असा कायदाच केला.

ब्राँझचा सेंट आला आणि टंचाई ओसरली. डब्यात भरून ठेवावं असं त्यात काही नव्हतंच, आणि ते सगळ्यांना दिसतही होतं. टोकनं मागे पडली. कोणी परत नेऊन दिली, कोणाची खणात राहिली, कोणाची खोगीराच्या पिशवीत. बूटवेलच्या कचेरीत किती जण गेले असतील याची नोंद नसावी, पण ज्या संख्येने त्याची टोकनं आज बाजारात मिळतात त्यावरून फार रांग लागली नसावी.

आणि आता तो सेंटच गेला. १२ नोव्हेंबर २०२५ला फिलाडेल्फियात चलनासाठीचे शेवटचे सेंट पाडले. एक सेंट पाडायला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येत होता. त्याच सुमारास इकडच्या दुकानांत ‘नेमके सुट्टे द्या’ अशा पाट्या दिसू लागल्या आणि लोकांनी घरचे डबे उघडायच्या ऐवजी झाकणं घट्ट केली. पुढच्या प्रदर्शनात टेबलामागचे आजोबा खुशीत होते. म्हणाले, बघा, आता टोकनांचे भाव चढणार. मी म्हटलं, कशाला चढतील? दुकानदार आता टोकन पाडत नाही, पाचाच्या पटीत हिशेब करतो आणि निम्मे लोक तर कार्डच पुढे करतात. त्यांनी मान हलवली, पटलं नाही असं दाखवलं आणि सिनसिनाटीचा एक पाववाला पुढे सरकवला. पत्ता अर्धा घासलेला. भाव मागच्या वर्षीपेक्षा दोन डॉलरने जास्त लावला होता. घासाघीस करून मी तो जुन्याच भावाला घेतला.